आधी एन२, मग बोलणं?

एका वाचक मैत्रिणीच्या पत्राचा हा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

"मी ४१ वर्षांची आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. चार वर्षांपूर्वी निव्वळ हौस म्हणून जपानी शिकायला लागले. तेव्हा फार मजा यायची. अ‍ॅनिमे बघताना सबटायटल न वाचता एखादं वाक्य कळलं तरी दिवस छान जायचा. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी एन५, मग एन४ आणि गेल्या वर्षी एन३ पास झाले. ते कळल्यावर ऑफिसने मला एका जपानी ग्राहकाच्या प्रोजेक्टवर घेतलं. दर आठवड्याला व्हिडिओ कॉल असतो. समोरचे बोलतात त्यातलं निम्म्याहून जास्त मला कळतं. पण 'काही प्रश्न आहेत का?' असं त्यांनी जपानीत विचारलं की माझं डोकं रिकामं होतं. मी वाक्य जुळवेपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून मोकळं होतं, आणि मी चॅटमध्ये इंग्रजीत टाइप करते. टीममधल्या एका सहकाऱ्याने जेमतेम सहा महिने क्लास केलाय. त्याला कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी चिन्हं, वाचता येत नाहीत, क्रियापदांची रूपं चुकतात, पण तो बिनधास्त बोलतो आणि त्याचं काम होतं. मला त्याचा हेवा वाटतो, रागही येतो. मला आदरार्थी भाषा नीट जमत नाही, त्यामुळे चुकून उद्धट तर वाटणार नाही ना, ही धास्ती वेगळीच. आता ठरवलंय की आधी एन२ पास व्हायचं, मगच तोंड उघडायचं. पण पुस्तक हातात घ्यावंसंच वाटत नाही. संध्याकाळी क्रोशाचं विणकाम करायचे, तेही अभ्यासापायी बंद केलं. हे वयामुळे होतंय का? सोडून द्यावं का?"

नमस्कार ताई,

पत्रातली घालमेल स्पष्ट दिसते आहे, म्हणून उत्तर आधी देते. जपानी सोडू नका. आणि या वेळी एन२ चा फॉर्म भरू नका. बोलायला मात्र याच आठवड्यापासून लागा, अगदी दोन वाक्यांनी.

तुमच्या बेतामागे एक समजूत आहे: ज्ञान पुरेसं साठलं की बोलणं आपोआप सुरू होईल. ही समजूत तुमच्या एकटीची नाही. शाळेपासून आपण भाषा अशाच शिकलो, आधी नियम, मग परीक्षा, आणि बोलणं कधीतरी पुढे. पण तुम्ही ज्या परीक्षा दिल्या त्यांच्याकडे जरा नीट बघा. जेएलपीटीत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासलं जातं, तेही दिलेल्या पर्यायांतून योग्य उत्तर निवडून. बोलण्याचा भाग एन५ ला नाही आणि सर्वांत वरच्या एन१ लाही नाही. म्हणजे या सगळ्या प्रवासात स्वतःचं एक वाक्य तयार करून ते कुणाला ऐकवण्याची वेळ परीक्षेने तुमच्यावर एकदाही आणली नाही. बरोबर वाक्य ओळखायला तुम्ही शिकलात आणि ते तुम्हाला उत्तम येतं, म्हणून तर कॉलवरचं निम्म्याहून जास्त कळतं. एन२ हेच ओळखणं आणखी वाढवेल. बोलण्याची गाठ मात्र तिथेच राहील, आणि मग तुम्ही म्हणाल, "एन१ झाल्यावर बघू."

कॅनडात याचं एक बोलकं उदाहरण आहे. तिथे इंग्रजी घरांतली मुलं शाळेतले विषय फ्रेंचमधून शिकतात, अशी पद्धत १९६० च्या दशकात सुरू झाली. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून-वाचून त्या मुलांची समज फार चांगली झाली, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहिली. मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८५ मध्ये त्यावरून मुद्दा मांडला की नुसतं समजून घेणं पुरत नाही. आपलं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवण्याची गरज पडते, तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते लक्षात येतं आणि भाषा पुढे सरकते. बोलणं हे शिकून झाल्यावर मिळणारं बक्षीस नाही, ताई. शिकण्याचाच तो एक भाग आहे आणि तुमच्याकडून नेमका तेवढाच राहिला आहे.

आता त्या क्षणाकडे येऊ, जिथे तुमचं डोकं रिकामं होतं. मला वाटतं, तुमची सगळी निराशा त्या एका क्षणाच्या चुकीच्या निदानातून आली आहे. "मला येत नाही" असं तुम्ही म्हणता. खरी अडचण वेळेची आहे.

दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात किती वेळ जातो, याचा अभ्यास झाला आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दहा वेगवेगळ्या भाषांमधले हो-नाही स्वरूपाचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोजली गेली. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आणि त्या दहा भाषांत सर्वांत कमी अंतर होतं जपानीत, सरासरी ७ मिलिसेकंद, जवळपास शून्यच. दुसरीकडे, स्वतःच्या मातृभाषेत एखादं चित्र बघून त्याचं नाव उच्चारायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. हिशेब जुळत नाही ना? तो जुळतो तो असा, की समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण आपलं उत्तर जुळवायला घेतो. मातृभाषेत ऐकणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की डोक्याचा अर्धा भाग मोकळा राहतो. परक्या भाषेत ऐकण्यातच सगळी शक्ती खर्च होते. वाक्य संपतं, मग तुम्ही विचार सुरू करता, तोवर बोलण्याची पाळी निघून गेलेली असते. तुम्ही शिकताय ती भाषा बोलणारे तर पाळीची सर्वांत कमी वाट बघणाऱ्यांपैकी आहेत. त्यामुळे त्या क्षणी अडखळणं स्वाभाविक आहे, आणि त्यावर उपाय आणखी व्याकरण हा नाही.

उपाय आहे वेळ मागून घेण्याचा, आणि भाषेत त्याची सोय असते. जपानी माणूससुद्धा विचार करताना गप्प बसत नाही. तो "एत्तो..." म्हणतो, "सोउ देसु ने..." म्हणतो. हे शब्द पुस्तकात एखाद्या कोपऱ्यात असतात, परीक्षेत त्यांना गुण नसतात, पण कॉलवर ते फार मोलाचे आहेत, कारण "मी बोलणार आहे, जरा थांबा" हा निरोप ते पोचवतात. प्रश्न आला की आधी "सोउ देसु ने" तोंडातून निघालं पाहिजे, उत्तर मागाहून येऊ दे. जास्त वेळ लागणार असेल तर "चोत्तो कांगाएसासेते कुदासाइ", थोडा विचार करू द्या. उत्तर माहीतच नसेल तर "काकुनिन शिते, मेएरु दे ओहेन्जि शिमासु", तपासून मेलवर कळवते. ही वाक्यं सुटी सुटी समजून घेऊ नका, अख्खीच्या अख्खी तोंडात बसवा. ऑफिसला जाता-येता, जिना चढताना, मोठ्याने म्हणा. मनात म्हटलेलं वाक्य आणि तोंडाने म्हटलेलं वाक्य यांत फार फरक आहे.

दुसरी गोष्ट हुंकाराची. समोरचा बोलत असताना मध्येमध्ये "हाइ" (हो), "सोउ देसु का" (असं का) असा प्रतिसाद देण्याची रीत जपानी संभाषणात फारच ठळक आहे. श्रोता पूर्ण शांत असला तर बोलणाऱ्याला वाटतं, याला कळत नाहीये किंवा लाइन गेली. तुम्ही एकाग्रतेने ऐकत गप्प राहत असाल, तर तुमचं ऐकणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. हुंकार देऊ लागलात की दोन फायदे होतात: त्यांना तुम्ही संभाषणात आहात हे कळतं, आणि तुमचं तोंड आधीपासून चालू राहतं. शांततेतून एकदम पहिलं वाक्य उच्चारणं फार जड जातं.

तिसरी गोष्ट पुन्हा विचारण्याची. तुम्हाला लाज वाटते, असं पत्राच्या ओळींमधून दिसलं. पण स्वतःच्या भाषेत बोलणारी माणसंसुद्धा सतत "काय?", "कोण?", "शुक्रवारी ना?" असं विचारत असतात. २०१५ मध्ये बारा भाषांमधल्या रोजच्या गप्पा तपासल्या गेल्या, तेव्हा असं दिसलं की सरासरी दर दीड मिनिटाच्या आत कुणीतरी कुणालातरी असं अडवून खात्री करून घेतं. संभाषण चालतंच या डागडुजीवर. फक्त "पुन्हा सांगा" म्हणण्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं परत म्हणून विचारणं जास्त चांगलं. "किन्योउबि मादे, देसु ने?" म्हणजे शुक्रवारपर्यंत, बरोबर ना? इतक्याशा वाक्याने तुम्ही काय ऐकलं, कुठे अडलात आणि काय हवं आहे, हे तिन्ही समोरच्याला कळतं. टेस्टिंगच्या कामात अशी खात्री करून घेणाऱ्या माणसाबद्दल आदरच वाढतो.

आदरार्थी भाषेची धास्ती समजण्यासारखी आहे, पण ती थोडी बाजूला ठेवा. केइगो, म्हणजे ही आदरार्थी भाषा, जपानी लोकांनाही नोकरीला लागल्यावर नव्याने घोटून घ्यावी लागते. तुम्ही पहिल्या पुस्तकापासून जी "देसु-मासु" ची रूपं शिकलात ती सभ्यच आहेत. तीच सातत्याने वापरलीत तर परक्या देशातल्या सहकाऱ्याकडून त्याहून जास्त अपेक्षा सहसा नसते. कॉलच्या सुरुवातीचं "ओसेवा नि नात्ते ओरिमासु" आणि शेवटचं "योरोशिकु ओनेगाइ शिमासु" ठरलेलं आहे, ते चुकायचा प्रश्न नाही. मधल्या भागात साधं, नीट, सभ्य बोला. आणि चॅटमध्ये अचानक इंग्रजीत आलेला त्रोटक संदेश हा अडखळत बोललेल्या जपानीपेक्षा जास्त सौजन्याचा असतो, असं तुम्हाला खरंच वाटतं का? यावर थोडा विचार करा.

आता तुमचा सहकारी. त्याच्याबद्दल तुम्ही "बिनधास्त" म्हणता आणि जणू तो त्याचा स्वभाव आहे, तुम्हाला तो मिळालेला नाही, असं गृहीत धरता. मी हे मान्य करणार नाही. तो जे करतो ते एक कौशल्य आहे. वर उल्लेख आलेल्या मेरिल स्वेन आणि मायकेल कनाल यांनी १९८० मध्ये संवादक्षमतेची फोड केली, तेव्हा व्याकरणाच्या आणि सामाजिक भानाच्या जोडीने एक तिसरी क्षमता सांगितली: शब्द सापडला नाही तरी काम निभावून नेण्याची. आठवत नसलेल्या शब्दाऐवजी त्याचं वर्णन करणं, स्क्रीन शेअर करून बोट दाखवणं, सोप्या वाक्यावर उतरणं, समोरच्याकडून शब्द काढून घेणं. तुमचा सहकारी हे करतो. हे शिकता येतं. एक सराव सांगते: तुमच्या कामातल्या दहा वस्तू किंवा कल्पना घ्या आणि त्यांचं नाव न घेता जपानीत वर्णन करा. सर्व्हर बंद पडलाय हे "सर्व्हर" शब्दाशिवाय सांगा. सुरुवातीला अवघड वाटेल, मग चक्क मजा यायला लागेल.

त्याचवेळी त्याच्या वाटेचा धोकाही सांगायला हवा. नुसतं काम भागवत राहिलं की चुका पक्क्या होतात, आणि काम भागतंय म्हणून त्या सुधारायची गरजही वाटत नाही. वर्षभरानंतर तो आहे तिथेच असेल, अशी शक्यता बरीच आहे. तुमच्याकडे तीन परीक्षांचा पाया आहे, कांजी आहेत, ग्राहकाचा मेल तुम्ही वाचू शकता. त्याच्याशी स्पर्धा सोडा आणि हातमिळवणी करा. कॉलच्या आधी दहा मिनिटं दोघांनी बसून आज काय विचारायचं ते जपानीत ठरवा. तुम्ही त्याची रूपं सुधारा, तो तुम्हाला पुढे ढकलेल. राग बराच निवळेल.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली ओळ क्रोशाची होती. अभ्यासासाठी तुम्ही विणकाम बंद केलंत, म्हणजे "आनंद हा अभ्यासाच्या वेळेतून चोरलेला असतो" ही दुसरी समजूत. चार वर्षांपूर्वी तुम्हाला मजा कशाने यायची ते आठवा. गुणांनी नाही. कुणीतरी काहीतरी म्हणत होतं आणि ते तुम्हाला कळलं, याची ती मजा होती. भाषा शिकण्यातला आनंद मुळात तिथे असतो: अर्थ पोचण्यात. परीक्षेची तयारी सुरू झाली आणि अर्थ मागे पडला, पर्याय पुढे आले. कंटाळा त्यातून आला आहे.

मग विणकाम परत सुरू करा, आणि ते जपानीतून करा. जपानी क्रोशाच्या आकृत्यांची चिन्हं तिथे प्रमाणित केलेली आहेत, त्यामुळे भाषा न कळणारे लोकही त्या आकृत्या बघून विणू शकतात. तुम्हाला तर भाषा येते. एखादा जपानी विणकामाचा व्हिडिओ लावा. "कुसारिआमि" म्हणताना त्या बाईंच्या सुईवर साखळी दिसेल, "कोमाआमि" म्हणताना मुका खांब, "नागाआमि" म्हणताना खांब. "इतो ओ काकेते, हिकिनुकिमासु", दोरा घेऊन ओढून काढा, हे वाक्य एका व्हिडिओत कितीतरी वेळा येईल. "-ते" लावून एकापुढे एक क्रिया सांगण्याची जी रचना तुम्ही एन५ ला नियम म्हणून घोकलीत, ती इथे हाताच्या हालचालीसकट कानात शिरते. आकडे, क्रम, "इथे", "पुढे", "आणखी एकदा", "चुकलं तर उसवा" हे सगळं येतं. तुम्ही म्हणाल, याचा कामाला काय उपयोग? कॉलवर तुम्ही सांगता तेही हेच असतं: आधी हे केलं, मग ते केलं, इथे अडलं, इतक्या वेळा तपासलं. व्हिडिओ संपला की तुमचा नमुना हातात धरून, काय केलं ते जपानीत स्वतःशी मोठ्याने सांगा. तो सराव आणि ती करमणूक यांत मला काही फरक दिसत नाही.

ज्यांना विणकामाशी देणंघेणं नाही, त्यांनी आपापलं शोधावं. बुद्धिबळ, सायकल दुरुस्ती, बागकाम, क्रिकेट, जुनी नाणी. कसोटी एकच: ही गोष्ट तुम्ही मराठीतूनही आवडीने बघितली-वाचली असती का? हो असेल तर ती परक्या भाषेतून घ्या. एकाच विषयावर चिकटून राहिल्याने तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि विषय माहीत असल्याने अंदाज बरोबर येतात. दर वेळी नवा विषय घेतला की प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात होते.

आणि भीती जाण्याची वाट बघू नका. जाँ-मार्क दवाल आणि पीटर मॅकिन्टायर या अभ्यासकांनी २०१४ मध्ये जगभरातल्या सतराशेहून अधिक भाषा शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं की भाषेतला आनंद आणि भाषेची धास्ती ही एकाच तराजूची दोन टोकं नाहीत. धास्ती असतानाही आनंद असू शकतो. म्हणजे आधी भीती घालवायची आणि मग मजा घ्यायची, असा क्रम लावायची गरज नाही. पोटात गोळा आलेला असतानाही "शुक्रवारपर्यंत ना?" विचारता येतं, आणि समोरून "हाइ, सोउ देसु" (हो, बरोबर) आलं की बरंही वाटतं.

रोजच्या वेळेचं काय करायचं ते सांगते. पॉल नेशन हे शब्दसंपत्तीवर काम केलेले न्यूझीलंडचे अभ्यासक भाषेच्या अभ्यासाचे चार वाटे करायला सांगतात: अर्थासाठी ऐकणं-वाचणं, अर्थासाठी बोलणं-लिहिणं, शब्द-व्याकरणाचा थेट अभ्यास, आणि जे येतं तेच सफाईने येण्याचा सराव. चारही वाट्यांना सारखा वेळ द्यावा, असं त्यांचं म्हणणं आहे. तुमचा सगळा वेळ सध्या तिसऱ्या वाट्यात जातो. दुसरा आणि चौथा रिकामे आहेत.

दुसऱ्या वाट्यासाठी एक वही करा, राहिलेल्या वाक्यांची. कॉल संपल्या संपल्या, आठवण ताजी असताना, आज मला जे म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नाही ते मराठीत लिहा. चारपाच वाक्यं पुरेत. संध्याकाळी त्यांची जपानी करा. मधे इंग्रजी आणू नका. मराठीत आणि जपानीत क्रियापद शेवटी येतं, शब्दयोगी नामाच्या मागे लागतात, कर्ता समजून घ्यायचा असतो. तुमची मातृभाषा इथे इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची आहे, पण क्लासची पुस्तकं इंग्रजीतून असल्याने आपण विनाकारण वाक्य दोनदा उलटं करतो. त्या वाक्यांपैकी दोन पुढच्या कॉलला वापरायची, एवढंच लक्ष्य ठेवा. महिन्याभरात ती वही तुमच्या नोकरीसाठी कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकी होईल, कारण त्यात फक्त तुम्हाला लागणारी भाषा असेल.

चौथ्या वाट्यासाठी ४-३-२ नावाचा एक जुना सराव आहे. ओळखीचा विषय घ्या, समजा, या आठवड्यात प्रोजेक्टमध्ये काय झालं. तो एकाला चार मिनिटांत सांगा, तोच मजकूर दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. नवीन शब्द अजिबात नकोत. तिसऱ्या वेळी अडखळणं कमी झाल्याचं तुमचं तुम्हालाच जाणवेल. ऐकणारे मिळाले नाहीत तर फोनवर रेकॉर्ड करा.

सोबत बोलायला माणूस मात्र हवाच. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, शिक्षक किंवा भाषेची देवाणघेवाण करणारी कुणी जपानी व्यक्ती. तिला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगून ठेवा: प्रत्येक चुकीला थांबवू नका, आणि बरोबर वाक्य लगेच सांगून टाकू नका, मला खूण करा, मी स्वतः सुधारते. शिक्षक बरोबर वाक्य सहज म्हणून पुढे गेले तर बरेचदा शिकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, हे वर्गांमधल्या निरीक्षणांत दिसलं आहे. संगणकाशी गप्पा मारण्याची सोय आता आहे, ती कॉलच्या आधीच्या तालमीसाठी जरूर वापरा. पण यंत्र कितीही वेळ वाट बघतं, आणि तुमचा प्रश्न तर वाट न बघणाऱ्या माणसांसमोरचा आहे. तालमीवर थांबू नका.

वयाबद्दल थोडक्यात. उच्चार अगदी तिथल्यासारखे होणं लहानपणी शिकणाऱ्यांना सोपं जातं, हे खरं. बाकी बाबतींत सुरुवातीचा वेग मोठ्यांचा चांगला असतो. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समध्ये डच शिकणारी इंग्रजी भाषक कुटुंबं बघितली गेली, त्यात पहिल्या काही महिन्यांत किशोर आणि प्रौढ हे छोट्या मुलांच्या पुढे होते. आणि तुम्ही स्वतःला संथ समजत असाल तर हेही लक्षात घ्या: अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती चांगली जपानी यावी म्हणून ८८ आठवडे, सुमारे २२०० तासांचा वर्ग धरतं, तोही दुसरं काही काम नसताना. ते आकडे इंग्रजी भाषकांसाठीचे आहेत, तरी अंदाज येतो. तुम्ही नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकून एन३ गाठलंत. यात वय आडवं आलेलं मला कुठे दिसत नाही.

राहिली एन२. ती वाईट परीक्षा नाही. नोकरी बदलताना तिचा उपयोग होतो, वाचन वाढतं. तुम्हाला पुढेमागे ती द्यायची असेल तर द्या, पण बोलण्याची अट म्हणून नको. सहा महिने वहीवर काम करा. त्यानंतर पुस्तक उघडावंसं वाटलं तर फॉर्म भरा. तेव्हाही वाटलं नाही, तर एन२ शिवायही तुमचं जपानी कामाचं राहील, हे माझं प्रामाणिक मत आहे. परीक्षेऐवजी दुसरी मोजपट्टी हवी असेल तर ती आहे: युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या, ए१ ते सी२, आणि त्या "मी काय करू शकते" अशा विधानांत मांडल्या. जपान फाउंडेशनने त्याच धर्तीवर जपानीसाठी चौकट केली आहे, आणि तिच्यावर आधारलेले धडे ध्वनिफितींसह त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. "मी बैठकीत एखाद्या तारखेची खात्री करून घेऊ शकते" अशी तुमची स्वतःची सात-आठ विधानं करा आणि जमलं की खूण करत जा. जर्मन, स्पॅनिश, कोरियन, काहीही शिकणाऱ्याला हे करता येईल. जर्मन किंवा फ्रेंचच्या परीक्षांत तोंडी भाग असतो म्हणून तिथले विद्यार्थी निर्धास्त असतात, पण स्वतःची ओळख पाठ करून गेलेल्यांचीही पुढच्या अनपेक्षित प्रश्नावर हीच गत होते.

त्या सहा पातळ्यांतल्या अगदी पहिल्या पातळीचं वर्णन वाचा. समोरचा सावकाश, स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल, तर साधा संवाद करता येतो, असं त्यात म्हटलं आहे. समोरच्याची मदत ही भाषा येण्याच्या व्याख्येतच धरलेली आहे. ती मदत तुम्ही अजून मागितलेलीच नाही. ग्राहकाच्या टीममधल्या ज्या व्यक्तीशी तुमचं सर्वांत बरं जमतं, तिला पुढच्या कॉलच्या आधी एक छोटा मेल करा, जपानीत. मी जपानी बोलण्याचा सराव करते आहे, कॉलच्या सुरुवातीची पाच मिनिटं माझ्याशी जपानीत बोलाल का, आणि थोडं सावकाश बोलाल का, एवढंच लिहा. मॅनेजरना आधी कल्पना द्या. मेलचा मसुदा सहकाऱ्याला दाखवू नका, तो तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगला लिहिता येतो.